पुढे जाऊ?

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. कॉम्प्युटरशी माझा संबंध कामापुरता. काही वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांना आठवडाभर बसवून आलेख काढणारे प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. बहुतेकजण प्रमाणपत्र घेऊन विसरले. मला ते उपयोगी पडलं, कारण फळ्यावर खडूने पॅराबोला काढून काढून माझा उजवा खांदा गेला होता. आकडे द्यायचे, चित्र घ्यायचं, एवढंच मला येतं. त्यापुढचं येत नाही आणि शिकायची हौसही नाही. तरी माझ्या एका प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे जी मला मनापासून आवडते. ती लिहावी लागली माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे.

आम्ही अलिबागला राहतो. माझं सासर रेवदंड्याच्या खाडीने आत गेलं की लागतं. गाव खाडीला चिकटून, भाताची जमीन खाडीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि दोघांच्या मध्ये मातीदगडाचा बांध. बांधाला एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला ते आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की आपोआप मिटतं. ते नीट मिटलं नाही तर खारं पाणी शेतात, आणि एकदा खार बसला की दोन-तीन वर्षं जमीन हातची गेली.

माझे थोरले दीर मुंबईला नोकरीला असतात, शनिवारी येतात. शेत जाऊबाई करतात. सलग दोन वर्षं त्यांचं रोप शेंड्याकडून पिवळं पडत गेलं होतं. तिसऱ्या वर्षीही तसंच झालं तर जमीन कोळंबीच्या तळ्यांसाठी भाड्याने द्यायची, असं दिरांनी ठरवून टाकलं होतं. एकदा तळं खोदलं की त्या जमिनीत पुन्हा भात होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जाऊबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा त्यांना ते पटलेलं नसतं.

गावाचं मत ठरलेलं होतं: पाणी उघाडीतून येतं. फळ्या कुजल्यात, उधाणाच्या भरतीला त्यांच्या फटींतून पिचकाऱ्या उडतात, ते कुणालाही डोळ्यांनी दिसतं. त्या वर्षी सरकारी खात्याने पावसाआधी बांधाचं एक काम करून द्यायचं कबूल केलं होतं. एकच काम. बांधाच्या समितीने अर्जात ‘उघाडी’ लिहून टाकलं. इंजिनियर एका सोमवारी येऊन जागा पाहून नोंद करणार होते.

जाऊबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचं शेत उघाडीपासून लांब, बांधाच्या मधल्या भागात. खार उघाडीतून येत असेल तर आधी उघाडीजवळची शेतं जायला हवीत. पण आधी गेलं ते त्यांचं. समितीत त्यांनी हे एकदा सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं की पिचकाऱ्या दिसतात त्या खोट्या का? जाऊबाई घरी आल्या आणि मोजायला लागल्या.

बांधाच्या आतल्या बाजूने पाण्याचे तीन चर आहेत: उघाडीजवळचा, मधला आणि पलीकडे वडाकडचा. तिन्हींत त्यांनी एकेक बांबूची काठी रोवली, तिच्यावर बोटाबोटावर कोयत्याने खुणा केल्या. बाहेरचं खाडीचं पाणी मोजायला उघाडीच्या खांबावर जुन्या खुणा होत्याच. रोज एका भरतीला चार फेऱ्या: भरती लागताना, अर्ध्यावर, पूर्ण भरल्यावर आणि पाणी फिरल्यावर. असा अख्खा माघ महिना. मध्ये वद्य पक्षात चार दिवस मुलीच्या बाळंतपणाला गेल्या, तेवढे सुटले. बाकी एकही दिवस नाही. भरतीची वेळ त्यांना कुठे बघावी लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आमच्याकडे हे बायकांना पाठ असतं. मी वर्गात पाऊणपट विचारते तेव्हा मुलं मोबाइल काढतात.

साहजिकच वहीतली प्रत्येक नोंद तिथीने होती. तारीख कुठेच नव्हती. शुद्ध पंचमी, चार आकडे बाहेरचे, चार-चार आतले तीन चरांचे. अक्षर मोठं, आकडे स्वच्छ. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांपेक्षा कितीतरी बरी वही.

इंजिनियर येण्याच्या आदल्या रविवारी त्या वही घेऊन आमच्याकडे आल्या. आलेखाची गोष्ट मीच बोलले होते. आकडे बघून अध्यक्षांना कंटाळा येईल, चित्र बघतील, असा माझा हिशोब. तासाभरात आकडे भरले, प्रोग्रॅम लिहिला. एका तिथीला एक चित्र: निळी रेघ खाडीची, बाकी तीन रंग तीन चरांचे. मग प्रोग्रॅम चालवला. पडदा काही क्षण फडफडला आणि अमावास्येचं चित्र तेवढं उरलं.

जाऊबाईंनी विचारलं की एवढंच काढलंस का. मी म्हटलं, सगळी काढली, पंचवीस. पण एकावर एक निघून गेली.

“तुझा यो प्रोग्रॅम पलतंय कुठं गो?” त्या म्हणाल्या. “त्याला कुनी बोलावलंय?”

मी दोन चित्रांच्या मध्ये दोन सेकंदांचा थांबा घातला. त्यावर त्यांचं मत पडलं की रेवदंड्याच्या स्टँडवर एसटीचा कंडक्टर उतरायला याच्यापेक्षा जास्त वेळ देतो. मग पाच सेकंद केले. आता वेगळीच पंचाईत झाली. काही चित्रांवर त्या एक नजर टाकून मोकळ्या होत आणि पाच सेकंद उगाच बसून राहत. आणि एखाद्या चित्राशी त्या पुढे वाकल्या, चष्मा सावरला, की तेवढ्यात ते गेलेलं असे. मी दहा करायला निघाले आणि थांबले. कितीही आकडा घातला तरी तो चुकणार होता. कुठल्या चित्राला किती वेळ हवा हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ते फक्त बघणाऱ्याला ठाऊक होतं, आणि तेही बघितल्यावर.

वीस वर्षं मी वर्गात एक पायरी लिहिते, मनात तीनपर्यंत मोजते आणि पुढची लिहिते. हे त्या क्षणी आठवलं आणि आवडलं नाही. मी उठून चहा ठेवला.

चहानंतर मी वेळ मोजणं काढून टाकलं आणि त्या जागी ओळ घातली की माणसाने कळ दाबेपर्यंत थांब. चालवलं, तर खिडकी उघडली आणि आत नुसतं पांढरं. आलेख नाही, रेघ नाही. प्रोग्रॅम मात्र आज्ञाधारकपणे थांबून राहिलेला. आम्ही दोघी त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत बसलो. कारण समजायला मला अर्धा तास लागला. आलेख कागदावर मांडून तयार होता, पण तो पडद्यावर उमटायच्या आधीच मी प्रोग्रॅमला ‘थांब’ म्हटलं होतं. थांब म्हटल्यावर तो सगळंच थांबवतो, उमटवणंसुद्धा. तो आमची वाट बघत होता आणि आम्ही त्याची.

जाऊबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या की पाहुण्याला ताट वाढायच्या आधी जेवा म्हटल्यासारखं झालं हे. बरोबर तेच होतं. दोन ओळींची अदलाबदल केली: आधी पुरतं उमटव, मग थांब. चित्र आलं आणि राहिलं.

आता थांबल्यावर काही विचारायला हवं. नुसत्या थांबलेल्या पडद्यासमोर माणूस गोंधळतो, बिघडलं की काय असं वाटतं. माझ्या लॅपटॉपवर त्या प्रोग्रॅममध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे जोडाक्षर नसलेला प्रश्न शोधला. चित्राच्या डोक्यावर लिहिलं: ‘पुढे जाऊ?’

जाऊबाईंनी ते वाचलं. परत वाचलं.

“जाऊ लिवलंस,” त्या म्हणाल्या. “मना इचारतंय काय?”

मी म्हटलं, हो वैनी, तुम्हालाच विचारतोय. मी त्यांना नवऱ्याच्या तोंडचं ऐकून वैनीच म्हणत आले आहे. त्या खूष झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी जाऊला विचारून पुढे जातंय, असं त्यांनी आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

आणखी एक दुरुस्ती करावी लागली. त्या रेघेवरून बोट फिरवत बघायच्या आणि माझ्या लॅपटॉपचा पडदा स्पर्शाचा. बोट टेकलं की प्रोग्रॅमला वाटे होकार आला, आणि तो पुढे. मग फक्त खालची लांब कळ दाबली तरच होकार धरायचा, असं ठरवलं. त्यानंतर त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

मी माणसांना आलेख बघताना रोज बघते. बहुतेकजण चित्र दिसलं की त्याचं तात्पर्य शोधतात आणि मिळालं की पुढे. जाऊबाई तसं करत नव्हत्या. प्रत्येक चित्राशी त्या तो दिवस पुन्हा उभा करत होत्या. तृतीयेला वारा होता, म्हणून बाहेरची रेघ थोडी जास्त वर. षष्ठीला वडाकडच्या काठीला म्हैस घासून गेली होती, म्हणून तिथे एक बोट कमी, ते धरू नको. मी वही पडताळली तर दोन्हीकडे तसा काही शेरा नव्हता. त्यांना तो लिहावा लागलाच नव्हता. एका चित्राला अर्धं मिनिट, एकाला चार मिनिटं. पडदा निमूट थांबून राहायचा, डोक्यावर प्रश्न घेऊन. मला त्या दोघांचं कौतुक वाटत होतं. विचारून गप्प बसणं मला जमत नाही.

उधाणाच्या तिथींना तिन्ही चर चढत होते, ते अपेक्षितच. भरतीची उंची जसजशी उतरत गेली, भांगाचे दिवस आले, तसा चढ कमी होत गेला. अष्टमीला तिन्ही रेघा जेमतेम वर. नवमीला तिन्ही सपाट. म्हणजे बाहेरचं पाणी उघाडीच्या फटींच्या खाली राहिलं की आत येणं बंद. गाव म्हणत होतं तसंच. मला वाईट वाटलं, पण आकडे आहेत ते आहेत. मी मनात त्यांना कसं सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागले.

जाऊबाई नवमीवरून हलल्या नाहीत.

“यो दिस खरा हाय,” त्या म्हणाल्या. “पन याच्या मागला दिस कुठं?”

मला कळेना. मागला दिवस म्हणजे अष्टमी, तिची कळ त्यांनीच नुकती दाबली होती. त्या म्हणाल्या की त्या पक्षात नवम्या दोन होत्या. पहिल्या नवमीला मधल्या चराचं पाणी चढलेलं त्यांना पक्कं आठवत होतं, कारण चिखलात पाय रुतला होता आणि चप्पल तिथेच राहिली. मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून माघ काढला. दोन चौकोनांत लागोपाठ नवमी छापलेली होती. तिथी वाढते कधीकधी, एकच तिथी दोन सूर्योदय धरते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. संकष्टी कधी ते बघायला मीही कॅलेंडरच उघडते. पण प्रोग्रॅम लिहिताना मी प्रत्येक तिथीसाठी एक खण केला होता आणि नवमीच्या खणात दुसऱ्या नवमीचे आकडे पहिल्या नवमीवर बसले होते. पहिली पुसली गेली. प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. तो कशाला करेल? मी सांगितलं तसंच त्याने केलं होतं.

सव्वीस दिवस मोजले होते आणि मी तोंडाने पंचवीस चित्रं म्हटलं होतं. त्यांना आकडा खटकला नव्हता, मला खटकायला हवा होता. गणित मी शिकवते.

तिथीचे खण मोडून मी वहीतल्या ओळींचे क्रमांक घातले. पुन्हा चालवलं. जाऊबाई कळ दाबत आल्या आणि अष्टमीनंतर नवं चित्र उमटलं. बाहेरची निळी रेघ अष्टमीपेक्षा थोडी खाली. उघाडीजवळचा चर सपाट. वडाकडचा सपाट. मधला चर मात्र भरतीबरोबर चढला होता. दोनच बोटं, पण चढला होता.

मला सवय लागलेली, मी पुढचं बघायला कळीकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

“थांब,” म्हणाल्या. “मना बघू दे.”

त्या किती वेळ बघत होत्या सांगता येणार नाही. मग त्यांनी स्वतःच दुसरी नवमी काढली, सगळं सपाट, आणि पहिलीवर परत जाता येतं का विचारलं. मागे जायची सोय मी केली नव्हती, पुन्हा पहिल्यापासून चालवावं लागलं. त्यांनी कंटाळा केला नाही.

दोन नवम्यांमधला फरक त्यांनी मला समजावला, उलट नव्हे. बाहेरचं पाणी उघाडीच्या फटींपर्यंत पोचलं नाही तरी पहिल्या नवमीला मधल्या चरात पाणी आलं. म्हणजे बांधाला मध्ये कुठेतरी भोक आहे, उघाडीच्या फटींहून खाली. दुसऱ्या नवमीला भरती आणखी उतरली आणि ते पाणीही थांबलं. म्हणजे भोक त्या दिवसाच्या पाण्याच्या वर आहे. खांबावरच्या त्या दोन दिवसांच्या खुणांच्या मध्ये, वीतभर पट्ट्यात. उधाणाला उघाडीचं पाणी सगळीकडे पसरतं, त्यात हे झाकून जातं. अख्ख्या महिन्यात ते उघडं पडलं एका दिवशी, आणि तो दिवस मी पुसला होता. वद्यातला भांग तर बाळंतपणात गेला होता.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन सासरी गेले. तृतीया होती, सकाळी आठनंतर पूर्ण ओहोटी. जाऊबाईंनी इंजिनियरना निरोप धाडून नऊच्या आत यायला सांगितलं होतं. ते आले, अध्यक्ष आले, समितीचे आणखी तिघे. ओटीवर लॅपटॉप मांडलेला बघून अध्यक्ष म्हणाले की आता बांध काय टीव्हीवर बघायचा का. जाऊबाई म्हणाल्या, बघा, जाहिराती नाहीत.

कळ त्यांनी कुणाला दाबू दिली नाही. भराभर अष्टमीपर्यंत आल्या, पहिल्या नवमीशी थांबल्या आणि हात मांडीवर ठेवला. अध्यक्षांनी वाचून विचारलं की पुढे जाऊ लिहिलंय, मग जात का नाही. इंजिनियरनी त्यांना हाताने थोपवलं. ते खुर्ची पुढे ओढून बसले. मधल्या चराच्या रेघेवर त्यांची नजर थांबली, खाली निळ्या रेघेवर आली, पुन्हा वर गेली. मग त्यांनी एकच विचारलं: ही मापं कुणी घेतली आणि काठीवरचं बोट म्हणजे किती? जाऊबाईंनी आपली चार बोटं जुळवून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी खिशातल्या टेपने ती मोजली आणि आपल्या वहीत माप लिहिलं.

बांधावर आम्ही बाहेरच्या अंगाने चाललो. दोन खुणांच्या मधला वीतभर पट्टा तेवढा बघायचा होता. तरी दगड, शेवाळ आणि खेकड्यांची बिळं यांत काही ओळखू येत नव्हतं. जाऊबाई सगळ्यांच्या मागून सावकाश येत होत्या. पाणी उतरून बराच वेळ झाला होता, ऊन लागलेला चिखल वाळून फिका पडत चालला होता. एका ठिकाणी हातभर चिखल काळाच राहिला होता. आत गेलेलं पाणी तिथून अजून परत झिरपत होतं. त्यांनी दोन दगड काढले आणि हातातला बांबू घातला. तो गेला, गेला आणि सगळा आत गेला. आतून जुन्या लाकडी मोरीचं तोंड लागलं. कधीकाळी तिथे छोटी उघाडी असावी आणि वरून माती टाकून बुजवलेली. गावात कुणालाच ती आठवत नव्हती.

अध्यक्ष तिथे उकिडवे बसून आत डोकावले. माणूस हटवादी आहे, पण दिसलेलं नाकारणारा नाही. बांधाला इथे खांड गेली असती, अख्खा बांध फुटला असता, असं तेच म्हणाले. उघाडीच्या फळ्या आपण गावाने बदलू, खात्याला हे काम करू द्या, हेही त्यांनीच मांडलं. इंजिनियरनी अर्जावरचा ‘उघाडी’ हा शब्द खोडून वर नवीन जागा लिहिली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. जाऊबाईंची सही समितीत नसते. इंजिनियरनी तीही घेतली.

मोरी मे महिन्यात दगड आणि सिमेंटने बंद झाली. दिरांनी कोळंबीवाल्यांना अजून नाही म्हटलं नव्हतं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, होऊन रोप कसं धरतं ते बघून सांगतो, असा त्यांनी निरोप ठेवला होता.

आवणीला मी दोन दिवस गेले. अमावास्या होती, बाहेर उधाण, बांधाच्या पलीकडे पाणी बांधाच्या उंचीला आलेलं. जाऊबाई रोपाची मूठ माझ्या हातात देऊन मधल्या चराकडे गेल्या. काठीवरची खूण बघितली. मग ओंजळभर पाणी घेऊन तोंडात धरलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि थुंकलं.

“गोडं हाय,” त्या म्हणाल्या, आणि मुंबईला फोन लावून दिरांना तेवढं सांग म्हणाल्या, त्यांचे स्वतःचे हात चिखलाचे होते.